हार्डबॉइल्ड कादंबऱ्यांतली अमेरिकी गुन्हेगारी बोली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘हार्डबॉइल्ड’ कादंबऱ्या म्हणजे नेमक्या कोणत्या?

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्वस्त, खरखरीत कागदावर छापलेली कथामासिके प्रचंड खपत. त्या कागदावरूनच त्यांना ‘पल्प’ म्हणू लागले. १९२० साली निघालेल्या ‘ब्लॅक मास्क’ या मासिकात हळूहळू एक वेगळाच गुप्तहेर घडत गेला. तो पैसे घेऊन काम करतो, मार खातो, मार देतो आणि पोलिसांवरही फारसा विश्वास ठेवत नाही. १९२३ मध्ये कॅरल जॉन डेली यांनी रेस विल्यम्स हा नायक आणला आणि त्याच वर्षी डॅशिएल हॅमेट यांचा बिननावाचा ‘कॉन्टिनेन्टल ऑप’ अवतरला. १९२६ पासून दहा वर्षे जोसेफ शॉ हे संपादक होते. ‘हार्डबॉइल्ड’ म्हणतात ती हीच धाटणी. तिला जे वळण लागले, त्यात शॉ यांचा वाटा मोठा आहे. रेमंड चँडलर यांची पहिली गुन्हेकथाही १९३३ साली याच मासिकात आली. इथे १९२३ पासून १९५० च्या दशकाअखेरपर्यंतच्या कादंबऱ्यांतली बोली गृहीत धरली आहे.

ही बोली नेमकी त्याच काळात एवढी का पसरली?

मुख्य कारण दारूबंदी. १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारू बनवणे, विकणे आणि वाहून नेणे हा गुन्हा ठरला. ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठली. मधल्या जवळजवळ चौदा वर्षांत साधा कारकूनसुद्धा संध्याकाळी कुठल्यातरी ‘स्पीकईझी’च्या, म्हणजे चोरून दारू विकणाऱ्या गुत्त्याच्या, बंद दारावर टकटक करत होता. चोरटी दारू आणणारा ‘बूटलेगर’ त्याच्या ओळखीचा झाला. शिकागोच्या टोळीयुद्धाच्या बातम्या रोज वर्तमानपत्रात येत. पूर्वी चोरांपुरते असलेले शब्द असे मध्यमवर्गाच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचले. लेखकांना आयता वाचक मिळाला, कारण निम्मे शब्द त्याच्या कानावर आधीच पडलेले होते.

शब्द मात्र त्या काळात जन्मलेले नव्हते. चोरीचा माल विकत घेणाऱ्याला ‘फेन्स’ म्हणतात. तो शब्द इंग्लंडच्या चोरांचा आणि काही शतके जुना. तुरुंगाला ‘हूसगाउ’ म्हणत, ते न्यायालयासाठीच्या ‘हुझ्गादो’ या स्पॅनिश शब्दाचे काउबॉयांनी केलेले रूप. हलक्या दारूला ‘हूच’ म्हणत. त्याचे मूळ अलास्कातल्या त्लिंगित लोकांच्या एका गावाच्या नावात आहे. पाच डॉलरची नोट म्हणजे ‘फिन’, कारण यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या भाषेत, पाचाला ‘फिन्फ’ म्हणतात. मालगाड्यांवर लपून देशभर फिरणारे बेघर मजूर, ज्यांना ‘होबो’ म्हणत, त्यांनी हे शब्द एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत नेले. स्थलांतरितांच्या त्या देशात ज्यांनी जे सोबत आणले, ते सारे या बोलीत जिरले. मला या साहित्याचे एवढे प्रेम आहे त्याचे एक कारण हेच.

खरे गुन्हेगार असे बोलत होते का?

शब्द बहुतेक खरे आहेत, संवाद रचलेले आहेत.

लुईव्हिल विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड मॉरर यांनी आयुष्यभर ठग, खिसेकापू, अमली पदार्थांचे व्यसनी अशा लोकांत मिसळून त्यांची भाषा टिपली. ठगांवरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये आले, खिसेकापूंवरचे १९५५ मध्ये. त्यांच्या नोंदींवरून दिसते की ‘गुन्हेगारांची बोली’ अशी एकच एक गोष्ट नव्हती. प्रत्येक धंद्याची आपली भाषा होती. मोठ्या फसवणुकीत सावज म्हणजे ‘मार्क’, त्याला गाठून आणणारा ‘रोपर’, आत बसून डाव चालवणारा ‘इनसाइड मॅन’ आणि खोटे जुगारघर किंवा खोटी शेअर पेढी उभारलेली जागा म्हणजे ‘बिग स्टोअर’. खिसेकापूंच्या टोळीत धक्का देऊन सावजाचे लक्ष वळवणारा ‘स्टॉल’, प्रत्यक्ष हात घालणारा ‘टूल’ आणि पाकीट म्हणजे ‘पोक’. तिजोरी फोडणाऱ्यांची परिभाषा आणखी निराळी. नायट्रोग्लिसरीनला ते ‘सूप’ म्हणत.

मॉरर यांचे दुसरे निरीक्षण मला जास्त मोलाचे वाटते. ही बोली बाहेरच्यांपासून काही लपवण्यासाठी असते, हा समज त्यांनी खोडून काढला. परक्या माणसासमोर धंदेवाईक ठग ती वापरायचाच नाही, कारण ती वापरली की ओळख उघडी पडते. ती आपसात कामाचे बोलताना वापरायची भाषा होती आणि ‘आपण एका धंद्यातले’ ही खूण होती.

कादंबरीकार ही शिस्त मोडतात. चार धंद्यांचे शब्द ते एकाच पात्राच्या तोंडी घालतात आणि ते पात्र भर हॉटेलात, कुणालाही ऐकू जाईल असे बोलते. इतिहास म्हणून हे चुकीचे आहे, पण नाट्य म्हणून चालून जाते.

मग पात्र केव्हा ही बोली वापरते आणि केव्हा नाही, याला काही अर्थ असतो का?

असतो, आणि या कादंबऱ्या वाचताना लक्ष ठेवायची खरी जागा हीच. हॅमेट यांची ‘द मॉल्टीज फाल्कन’ (१९३०) घ्या. त्यातला सर्वांत धोकादायक माणूस कॅस्पर गटमन गुन्हेगारी बोलीतला एकही शब्द वापरत नाही. त्याची भाषा भरजरी, आर्जवी, जुन्या वळणाची. त्याचा पोरसवदा हस्तक विल्मर मात्र तोंडाच्या कोपऱ्यातून, कडक शब्दांत धमक्या देतो. त्यावर कादंबरीचा नायक, खासगी गुप्तहेर सॅम स्पेड हसून म्हणतो ते असे: गुन्हेगार जितका हलका, तितकी त्याची बडबड भडक. या एका वाक्यात हॅमेट यांनी आपल्या लेखनाचा नियमच सांगून टाकला आहे. स्पेड स्वतः विल्मरशी बोलताना रस्त्यावरचे शब्द काढतो, कारण त्याला विल्मरला त्याची पायरी दाखवायची असते. गटमनसमोर तोच स्पेड बहुतेक वेळा सभ्य, मोजके बोलतो.

थोडक्यात, कोण कुणाशी बोलतो आहे आणि त्या क्षणी वरचढ कोण आहे, हे शब्दांच्या निवडीतून कळते. डेली यांच्या कथांत असे होत नाही. तिथे सगळेच सारख्या आवेशात बोलतात, म्हणून त्या लवकर शिळ्या झाल्या.

‘गन्सेल’ या शब्दाची गोष्ट काय आहे?

ही गोष्ट पेरी मेसन या काल्पनिक वकिलाचे जनक अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांनी १९६५ मध्ये एका लेखात सांगितली. ते स्वतः ‘ब्लॅक मास्क’मध्ये लिहीत आणि हॅमेट, शॉ या दोघांनाही ओळखत.

शॉ भाषेच्या बाबतीत कडक होते. अश्लील वाटेल असे काही ते छापत नसत. हॅमेट यांनी त्यांची परीक्षा घ्यायचे ठरवले आणि स्पेडच्या तोंडी ‘गूजबेरी ले’ हे शब्द घातले. ‘गूजबेरी ले सोडून किती दिवस झाले रे तुला?’ असे स्पेड विल्मरला विचारतो. ऐकायला हे काहीतरी घाणेरडे वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दोरीवर वाळत घातलेले कपडे चोरणे, म्हणजे भुरट्या चोरांतलीही अगदी खालची पायरी. गार्डनर सांगतात, की शॉ यांनी त्यावर हरकत घेतली. ‘गन्सेल’ हा शब्द मात्र त्यांनी तसाच जाऊ दिला. त्यात ‘गन’ असल्यामुळे तो बंदूकधारी गुंडासाठी असणार, असे त्यांनी धरून चालले.

तो शब्द बंदुकीवरून आलेला नाही. यिडिशमधल्या हंसाच्या पिल्लासाठीच्या शब्दावरून तो आला. होबो आणि कैद्यांच्या बोलीत वयाने मोठ्या माणसाने लैंगिक संबंधासाठी सोबत ठेवलेल्या तरुण मुलाला तो शब्द लावत. स्पेड गटमनला म्हणतो, ‘त्या गन्सेलला माझ्यापासून दूर ठेव.’ तेव्हा तो विल्मरचा अपमान करतोच, शिवाय गटमनच्या टोळीतली नाती आपल्याला कळली आहेत, हेही सुचवतो. मूळ अर्थ माहीत नसेल तर त्या प्रसंगाचा अर्धा भाग आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

पुढे जे झाले ते भाषेच्या अभ्यासकाला आनंद देणारे आहे. १९४१ च्या चित्रपटातही हा शब्द राहिला, तोही हॉलिवुडची नीतिनियमावली कडकपणे लागू असताना. नंतरच्या लेखकांनी तो हॅमेट यांच्याकडून उचलला आणि ‘पिस्तूलवाला गुंड’ याच अर्थी वापरला. आज शब्दकोश दोन्ही अर्थ देतात. संपादकाने काढलेला चुकीचा अर्थ पुढे खरा झाला.

शब्दांवरून गाव आणि काळ ओळखता येतो का?

बऱ्याचदा येतो. ‘अप द रिव्हर’ पाठवणे म्हणजे तुरुंगात धाडणे. ही मुळात न्यूयॉर्कची भाषा आहे, कारण सिंग सिंग तुरुंग शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर, हडसन नदीच्या वरच्या अंगाला ऑसिनिंग इथे आहे. ‘शिकागो टाइपरायटर’ म्हणजे थॉम्पसन सबमशीनगन. ती १९२१ मध्ये बाजारात आली, म्हणून त्याआधी घडणाऱ्या कथेत हा शब्द दिसला तर लेखकाचा अभ्यास कच्चा समजावा. कुणाला ‘राइड’ला नेणे, म्हणजे गाडीत घालून शहराबाहेर नेऊन मारणे, हीसुद्धा शिकागोच्या टोळ्यांची देणगी. त्यासाठी मोटारगाडी सर्रास हाताशी असावी लागते.

देहदंडाचे शब्द यात सर्वांत बोलके आहेत. न्यूयॉर्क राज्यात विजेची खुर्ची होती. जगातली पहिली अशी शिक्षा १८९० मध्ये ऑबर्न तुरुंगात दिली गेली. म्हणून न्यूयॉर्कचा गुंड ‘जळेन’, ‘तळला जाईन’ अशी भाषा करतो. कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकापर्यंत दोरखंड होता. ‘द मॉल्टीज फाल्कन’ सॅन फ्रान्सिस्कोत घडते, म्हणून स्पेड फाशीच्या दोराचीच भाषा बोलतो. १९३८ मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगात गॅसची कोठडी सुरू झाली आणि त्यानंतरच्या लॉस एंजेलिसच्या कथांत ‘गॅस हुंगणे’ आले. वरवर थट्टेची वाटणारी ही क्रियापदे राज्याच्या कायद्याशी इतकी घट्ट बांधलेली आहेत.

कमीत कमी कोणते शब्द माहीत असावेत?

पिस्तुलासाठी ‘गॅट’ (१८६२ मध्ये पेटंट मिळालेल्या गॅटलिंग तोफेवरून), ‘रॉड’, ‘हीटर’ आणि ‘रॉस्को’. पोलिसासाठी ‘कॉपर’, ‘बुल’, ‘फ्लॅटफूट’. गणवेशातला शिपाई असेल तर ‘हार्नेस बुल’. खासगी गुप्तहेराला ‘डिक’, ‘पीपर’, ‘गमशू’ (रबरी तळाचे, आवाज न करणारे बूट) किंवा ‘शेमस’ म्हणतात. ‘शेमस’चे मूळ काही जण सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) सेवकासाठीच्या यिडिश शब्दात शोधतात, काही ‘शेमस’ या आयरिश नावात, कारण पोलीस दलात आयरिश लोक पुष्कळ होते. ‘प्रायव्हेट आय’च्या मागे पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेचे बोधचिन्ह असल्याचे सांगतात: एक उघडा डोळा आणि खाली ‘आम्ही कधीच झोपत नाही’.

वकील म्हणजे ‘माउथपीस’, खबऱ्या म्हणजे ‘स्टूल पिजन’, पोलिसांना सगळे सांगून टाकणे म्हणजे ‘गाणे’. दुसऱ्याच्या गुन्ह्यात अडकवलेला माणूस ‘फॉल गाय’. पळून जाणे म्हणजे ‘लॅम’वर असणे. बेशुद्ध करणारे औषध घातलेला पेला ‘मिकी फिन’. त्या नावाचा एक दारूगुत्तेवाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोत खरोखरच होता.

पैशांचे शब्द नीट लक्षात ठेवा, कारण व्यवहार कळला नाही तर कथा कळत नाही. ‘फिन’ पाचाची नोट, ‘सॉबक’ दहाची, ‘सी’ शंभराची, ‘ग्रँड’ म्हणजे हजार. चँडलर यांच्या १९३९ च्या ‘द बिग स्लीप’मध्ये त्यांचा गुप्तहेर फिलिप मार्लो दिवसाला २५ डॉलर आणि खर्च एवढी फी घेतो. म्हणजे एक ‘सी’ ही त्याची चार दिवसांची कमाई. ‘द लाँग गुडबाय’मध्ये त्याच्या हाती राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे चित्र असलेली पाच हजारांची नोट येते. ती त्याला इतकी का जड वाटते, हे या हिशेबावरून समजते.

बायकांविषयीचे आणि इतर वंशांविषयीचे शब्द फार बोचतात. ते कसे वाचावेत?

बोचलेच पाहिजेत. ‘फ्रेल’, ‘स्कर्ट’, ‘ट्विस्ट’, ‘ब्रॉड’ हे सगळे स्त्रीसाठी आहेत आणि एकही तिला माणूस म्हणून पाहत नाही. ‘गन मॉल’मधला ‘गन’सुद्धा मुळात बंदुकीचा नव्हे, यिडिशमध्ये चोराला ‘गॅनेफ’ म्हणतात, त्यावरून तो आला असे अभ्यासक मानतात. म्हणजे आधी ती स्वतः चोरी करणारी बाई होती. पुढे ती गुंडाची रखेल उरली.

काळ्या, ज्यू, इटालियन, चिनी आणि समलिंगी लोकांविषयीचे अपशब्द या पुस्तकांत मुबलक आहेत. चँडलर यांच्या ‘फेअरवेल, माय लव्हली’ (१९४०) या कादंबरीच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या सेंट्रल अॅव्हेन्यूवर एका काळ्या माणसाचा खून होतो. मेलेला काळा असल्यामुळे पोलीस त्या तपासाकडे कपाळाला आठ्या घालून पाहतात. पोलिसाच्या तोंडचा अपशब्द तिथे त्या यंत्रणेचा पुरावा आहे. पण तसेच शब्द निवेदक मार्लोही वापरतो आणि तिथे लेखक त्यापासून दूर उभा असल्याचे दिसत नाही. ‘तो काळच तसा होता’ एवढ्यावर हा प्रश्न सोडून देऊ नये असे मला मनापासून वाटते. पात्राचा द्वेष कुठला आणि पुस्तकाचा कुठला, हे प्रत्येक जागी वेगळे तपासावे लागते.

चँडलर यांची बोली खरी की रचलेली?

दोन्ही, आणि यात लबाडी काही नाही. चँडलर जन्मले शिकागोत, १८८८ साली, पण वाढले आणि शिकले इंग्लंडमध्ये. लॅटिन-ग्रीक शिकलेल्या या माणसाने पुढे कॅलिफोर्नियात तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर नोकरी केली आणि ती गेल्यावर चाळिशी उलटल्यावर गुन्हेकथा लिहायला घेतल्या. अमेरिकी भाषा आपल्याला परकी भाषा शिकावी तशी शिकावी लागली, असे ते सांगत. तुरुंगातले, खिसेकापूंचे शब्द ते वहीत उतरवून ठेवत. याउलट हॅमेट १९१५ मध्ये पिंकर्टनमध्ये लागले होते. त्यांच्या कानावर हे शब्द पाळत ठेवता ठेवता पडले.

१९४९ च्या एका पत्रात चँडलर यांनी म्हटले आहे, की दोनच प्रकारची बोली लेखकाच्या कामाची: भाषेत पक्की रुजलेली, नाहीतर स्वतः तयार केलेली. बाकीची छापून येईपर्यंत शिळी होते. ‘द बिग स्लीप’, म्हणजे मरण, हा प्रयोग त्यांनी स्वतः घडवला. नाटककार युजीन ओनील यांनी तो गुन्हेगारांचा जुना शब्द समजून आपल्या नाटकात वापरला, असे चँडलर यांचे म्हणणे होते. कानाला तो इतका खरा वाटला, याहून मोठी पावती कोणती?

जेम्स हॅडली चेस अमेरिकन होते ना?

नाही. रेने रेमंड हे त्यांचे मूळ नाव आणि जन्म लंडनचा, १९०६ चा. १९३९ मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली, ती अमेरिकी बोलीचे शब्दकोश आणि नकाशे समोर ठेवून लिहिलेली. १९४४ च्या एका निबंधात जॉर्ज ऑर्वेल यांनी त्या कादंबरीवर कडाडून टीका केली, पण लेखक मनाने पूर्णपणे अमेरिकी गुन्हेविश्वात राहायला गेला आहे, हेही मान्य केले.

आपल्याकडे हा प्रश्न वारंवार येतो, कारण महाराष्ट्रातल्या रेल्वे स्टेशनांवरच्या पुस्तकांच्या ठेल्यांवर चेस यांची पुस्तके वर्षानुवर्षे हातोहात खपली. इथल्या अनेक वाचकांची अमेरिकी गुंडांच्या भाषेशी पहिली ओळख एका इंग्रज माणसाने करून दिली. त्यांचा वेग विलक्षण आहे. पण हॅमेट यांच्या पाठोपाठ वाचले तर फरक ऐकू येतो: चेस यांच्या पात्रांची बोली कुठल्याच गावची नाही.

मराठीत आणताना मुंबईची भाईगिरीची भाषा वापरावी का?

मोह होतो. ‘घोडा’, ‘पेटी’, ‘खोका’, ‘सुपारी’ हे शब्द तयार आहेत आणि चपखलही. पण ते शब्द आले की सोबत मुंबई येते आणि १९२० च्या दशकाअखेरचा सॅन फ्रान्सिस्को पुसला जातो. माझे मत असे, की ‘गॅट’सारखे एक-दोन शब्द तसेच ठेवावेत, बाकी साधी, तोकडी, रोखठोक मराठी वापरावी आणि पात्रांमधली पायरी ‘अरे’, ‘तू’, ‘तुम्ही’, ‘साहेब’ यांतून दाखवावी. इंग्रजीत नसलेली ही सोय मराठीत आहे. गटमनने सगळ्यांना अहो-जाहो करावे आणि स्पेडने विल्मरला अरे-तुरे.

शब्दकोश शेजारी घेऊन बसावे का?

पहिल्या वाचनाला नको. हॅमेट सहसा अर्थ कळेल अशाच जागी शब्द ठेवतात. दुसऱ्या वाचनाला एरिक पार्ट्रिज यांचा गुन्हेविश्वाचा कोश किंवा १९५० चा अमेरिकी गुन्हेगारी बोलीचा कोश जरूर उघडा. दुसऱ्या कोशाच्या संपादकांत तुरुंगात धर्मगुरू म्हणून काम केलेले हायमन गोल्डिन होते आणि शब्द कैद्यांकडूनच गोळा केलेले होते. ‘रेड हार्वेस्ट’च्या (१९२९) पहिल्याच परिच्छेदात हॅमेट सांगतात, की चोर ‘डिक्शनरी’ला ‘रिचर्डस्नरी’ म्हणत. ‘डिक’ हे रिचर्डचे लाडाचे नाव, एवढ्यावरून.

सुरुवात कुठून करावी?

‘रेड हार्वेस्ट’पासून, मग ‘द मॉल्टीज फाल्कन’, मग ‘फेअरवेल, माय लव्हली’. त्यानंतर चेस्टर हाइम्स वाचल्याशिवाय थांबू नका. ते १९२८ ते १९३६ या काळात ओहायोच्या तुरुंगात होते आणि लिहायला तिथेच लागले. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत घडणाऱ्या त्यांच्या कादंबऱ्या संपादक मार्सेल ड्युअॅमेल यांच्या आग्रहावरून एका फ्रेंच मालिकेसाठी लिहिल्या गेल्या आणि पहिलीला १९५८ मध्ये फ्रान्सचा गुन्हेसाहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला. ‘फेअरवेल, माय लव्हली’मध्ये ज्या लोकांना बोलायला जेमतेम चार वाक्ये मिळतात, ते हाइम्स यांच्या पानांवर भांडतात, फसवतात, प्रार्थना करतात, पोट धरून हसतात आणि पोलिसांनाही आपल्याच भाषेत उत्तर देतात. त्यांचे दोन्ही नायक, कॉफिन एड जॉन्सन आणि ग्रेव्ह डिगर जोन्स, स्वतः काळे पोलीस आहेत.